पालथा कागद

केदारअप्पा विभूते कुणाचा कागद वाचत नसत. धारूरच्या पेठेत ही गोष्ट शेंबड्या पोरालाही ठाऊक होती. टायपिंगचा धंदा करणाऱ्या माणसानं कागद वाचायचा नाही म्हणजे काय, असं बाहेरगावचा एखादा हटकून विचारायचा. मग अप्पा चष्मा कपाळावर सरकवायचे आणि म्हणायचे, "बोटं वाचतात. मी न्हाई वाचत."

ऐकणाऱ्याला हसू यायचं, पण अप्पा गंमत करत नसायचे. माणसाला कशाचा तरी अभिमान लागतो. कुणाला जमिनीचा असतो, कुणाला पुढाऱ्याशी असलेल्या ओळखीचा. अप्पांना आपल्या तोंडावरच्या कुलपाचा होता.

ती सवय केजच्या तहसीलीपुढची. एक्क्याण्णव-ब्याण्णवच्या सुमारास अप्पा रोज सकाळच्या एस.टी.नं धारूरहून केजला जायचे आणि कचेरीच्या भिंतीलगत लाकडी खोक्यावर मशीन मांडून बसायचे. अर्ज, प्रतिज्ञापत्रं, सोडचिठ्ठीच्या नोटिसा, भावाभावांच्या वाटण्या. अख्ख्या तालुक्याची भांडणं त्यांच्या बोटांखालून जायची. कागद मशीनमधून निघाला की अप्पा तो आधी मांडीवर पालथा घालायचे, तसाच दुमडायचे आणि गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचे. मग कार्बन. बाकीचे टायपिस्ट एक कार्बन पार आंधळा होईपर्यंत सात-आठ वेळा वापरायचे. अप्पा एकदाच वापरायचे आणि गिऱ्हाइकासमोर फाडून टाकायचे. वापरलेला कार्बन उन्हात धरला तर त्यावरचं अक्षर न् अक्षर वाचता येतं, हे त्यांना माहीत होतं. शेजारचे त्यांना येडं म्हणायचे.

एकदा त्यांची परीक्षाही झाली. चंद्रभागाबाई नावाची एक म्हातारी चार बायकांना घेऊन आली आणि गावच्या अर्जुनरावांविरुद्ध अर्ज टाइप करून घेऊन गेली. अर्जुनराव म्हणजे त्या भागातले मोठे बागायतदार आणि पुढारी. त्यांनी गावची जाण्यायेण्याची पाणंद नांगरून आपल्या रानात घातली होती. तिसऱ्या दिवशी अर्जुनरावांची जीप भिंतीपाशी थांबली.

"अंगठे कुनाकुनाचे व्हते, तेवढं सांग," अर्जुनराव म्हणाले.

"मी वाचत न्हाई, साहेब."

"आरं, तूच टाइप केलंस ना बे?"

"केलं. पन वाचलं न्हाई."

अर्जुनरावांनी हात उगारला नाही. तेवढीही गरज नव्हती. दुसऱ्या दिवशी कचेरीच्या शिपायानं अप्पांचं खोकं भिंतीपासून उचलून रस्त्यापलीकडे नेऊन ठेवलं. तिथं सावलीचं नाव नव्हतं. अख्खा उन्हाळा अप्पांनी डोक्यावर ओला पंचा टाकून टायपिंग केलं, नाकातून रक्त आलं तरी नाव सांगितलं नाही. पुढं हे तालुकाभर झालं. त्या उन्हाळ्यात त्यांनी जे कमावलं, त्यावर त्यांची पुढची बारा वर्षं निघाली.

पुढं धारूरला स्वतःची तहसील झाली. अप्पांनी केजच्या फेऱ्या बंद केल्या आणि पेठेत दोन खोल्या घेऊन टायपिंग इन्स्टिट्यूट काढली. सकाळ-संध्याकाळ पोरी यायच्या. पेठेतल्या घरातून तरण्या पोरीला बाहेर पाठवायची म्हणजे आईबाप दहादा विचार करायचे, पण केदारअप्पांकडे म्हटलं की कुणी अडवत नसे. अप्पांची बायको नीलाबाई मागच्या खोलीतच असायच्या, शिवाय अप्पांच्या दुकानातली गोष्ट दुकानाबाहेर जात नाही हे पक्कं होतं.

मग टाइपरायटर विकायला गेले तर भंगारवालाही तोंड वाकडं करू लागला. पोरं म्हणू लागली, अप्पा, नेट आणा, निकाल नेटवर लागतात, फॉर्म नेटवर निघतात. दोन हजार तीन साली, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, अप्पांनी चार कॉम्प्युटर आणले. भिंतीवर नवी पाटी चढली : विभूते टायपिंग व इंटरनेट. खाली लहान अक्षरांत त्यांनी स्वतः रंगवून घेतलं, 'गुप्ततेची खात्री'. आज ती पाटी आठवली की संताप येतो, पण तेव्हा ती वाचून धारूरच्या माणसाला हसू आलं नव्हतं.

अप्पांनी कॉम्प्युटर शिकून घेतला तो टायपिस्टासारखा. कळफलक ओळखीचाच होता. बाकी सगळ्याकडे ते काच लावलेलं मशीन म्हणून बघायचे. प्रत्येक कॉम्प्युटरला त्यांनी प्लायवूडचा आडोसा केला. तीन नंबरचा कोपऱ्यात होता, पडदा भिंतीकडे. तो पोरीबाळींसाठी. चारी कॉम्प्युटरचा प्रिंटर एकच, तो गल्ल्याजवळ अप्पांच्या उजव्या हाताला. कागद बाहेर येऊ लागला की अप्पा मान दाराकडे वळवायचे, हातानं चाचपून तो पालथा करायचे, टाचणी मारायचे आणि दुकानाचा शिक्का मारलेल्या खाकी पाकिटात घालून द्यायचे. पाकिटाचे वेगळे पैसे नाहीत. एवढी इज्जत जिल्ह्याच्या कचेरीतही कुणी कागदाला देत नसेल.

आणि आणखी एक सेवा होती. लोक आपलंच मेलचं नाव विसरायचे. आठवड्यानं परत यायचे आणि म्हणायचे, अप्पा, माझं ते उघडंना. मेलच्या पानावर एक लहानसा चौकोन असायचा. त्यात खूण केली की मशीन माणसाला ओळखून ठेवायचं, पुन्हा नाव-गाव विचारायचं नाही. अप्पा प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाच्या शेजारी उभे राहून तेवढी खूण स्वतःच्या हातानं करून द्यायचे. बिचाऱ्यांना त्रास नको म्हणून. आणि उठताना काय करायचं ते सगळ्यांना शिकवायचे : वरच्या कोपऱ्यातली फुली दाबायची, खिडकी बंद, झालं.

मशीन दुरुस्तीला अंबाजोगाईहून बंकट नावाचा एक जण यायचा. तो एकदा तीन नंबरवर बसून म्हणाला, "अप्पा, रोज सांजच्याला ह्ये सगळं पुसत जावा. कोन कुठं गेलं, कुनी काय धुंडलं, समदं मागं ऱ्हातंय ह्याच्यात. आन ती खूण करत जाऊ नका. त्यानं मेल उघडंच ऱ्हातंय."

अप्पांचा चेहरा बदलला. "गिऱ्हाइकाच्या चिजेला मी हात लावत न्हाई. त्यांचं हाय, त्यांनी ठिवलं, त्यांनी न्यावं."

"तसं नसतंय अप्पा ते."

"तू पंखा बघ. लई आवाज करतोय."

बंकटनं खांदे उडवले आणि पंखा बघितला. म्हणजे अप्पांना कुणी सांगितलंच नव्हतं असं नाही. त्यांना वाटलं, आत राहिलं ते आतच राहिलं. कपाट बंद आहे आणि किल्ली आपल्या कंबरेला आहे. गिऱ्हाइकं आपण त्या कपाटाच्या आतच नेऊन बसवतो, हे त्या शहाण्या माणसाच्या ध्यानात आलं नाही.

चन्नप्पा हे पेठेतले किराणा व्यापारी, अप्पांचे तीस वर्षांचे स्नेही. त्यांची मुलगी अपेक्षा अप्पांकडेच टायपिंग शिकली होती. मराठी तीस, इंग्रजी चाळीस, दोन्ही पहिल्या झटक्यात पास. बी.एस्सी. झाली आणि अंबाजोगाईच्या एका कापडवाल्यांच्या घरातलं स्थळ जमलं. मार्गशीर्षात सुपारी फुटली, लग्न वैशाखात ठरलं. मुलगा शिकलेला, बोलायला मऊ. चन्नप्पा त्या आनंदात गिऱ्हाइकाला गुळाचा खडा जास्त घालू लागले होते.

त्यानंतर पंधरा दिवसांत अपेक्षाच्या कंबरेवर एक डाग उठला. रुपयाएवढा, पांढरा. आईला सांगितलं तर आई म्हणाली, कुणाला बोलू नको. कोड म्हटलं की आपल्याकडे त्या मुलीचंच नाही, तिच्या बहिणींचं, चुलत बहिणींचंही लग्न अडतं. डॉक्टरकडे जावं तर धारूरच्या दवाखान्यात बाकावर अर्धं गाव बसलेलं. तेव्हा पेपरात पुण्याच्या एका चामडीच्या डॉक्टरणीचा लेख आला, खाली तिचा मेलचा पत्ता होता. अपेक्षानं तेवढी पट्टी कापून पाकिटात ठेवली आणि अप्पांच्या दुकानात आली.

हे सगळं अप्पांना नंतर कळलं. त्या दिवशी त्यांनी फक्त तिला तीन नंबर दिला, मेल उघडून दिला आणि चौकोनात खूण केली. ती बसली, पण तिची बोटं कळफलकावर चालेनात. जी पोर मिनिटाला चाळीस शब्द मारायची तिची.

"अप्पा," ती हळूच म्हणाली, "हे इथं लिहिलेलं कुणाला दिसत तर नाही ना?"

अप्पा दुखावलेच जरा. "माय, माझ्या दुकानातून आजवर कुनाची गोष्ट भाईर गेलीया का?"

"नाही."

"मंग लिही बिनघोर."

शब्द दिला. ज्या मशीनचं पोट त्यांनी कधी बघितलं नव्हतं, त्या मशीनच्या वतीनं शब्द दिला. मुलीनं तो घेतला, कारण अप्पांचा होता. मशीनवर तिनं विश्वास ठेवलाच नव्हता.

तीन आठवडे ती येत राहिली. कधी लिहायची, कधी नुसती वाचायची. एकदा डोळे पुसत बाहेर आली तेव्हा नीलाबाईंनी पाण्याचा तांब्या पुढं केला. शेवटच्या दिवशी मात्र ती हसून गेली. अप्पांना बरं वाटलं. कशाबद्दल ते त्यांना माहीत नव्हतं आणि माहीत करून घ्यायचंही नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी दुपारी युसूफ वडगाव या गावचा रुद्रेश आला. हा नवऱ्या मुलाच्या आत्याचा मुलगा. वडगावात त्याचं खताचं दुकान होतं आणि मोटारसायकल घेऊन नात्यातल्या सोयरिकी तपासत फिरणं हा त्याचा आवडीचा उद्योग होता. सुपारी फुटली तरी आपल्याकडे चौकशी थांबत नाही, अक्षता पडेपर्यंत चालते. रुद्रेशनं पेठेत चार दुकानी चहा घेतला, मुलीबद्दल विचारलं आणि शेवटी अप्पांकडे आला.

"शरणार्थ, अप्पा. अंबाजोगाईकरांकडचा पाहुना मी."

"शरणार्थ. या."

"चन्नप्पांची पोरगी तुमच्याकडंच शिकायला व्हती म्हनं. कशी हाय?"

"इंग्रजी चाळीस पास हाय," अप्पा म्हणाले. असल्या प्रश्नाला ते गेली दहा वर्षं एवढंच उत्तर देत होते.

"तसं न्हवं. वागायला, बोलायला? अजून येती का हितं?"

"गिऱ्हाईक कोन येतं, कोन न्हाई, ते मी सांगत न्हाई."

रुद्रेश हसला. "तुमचं नाव ऐकलंय तसंच हाय. बरं, नेट तरी द्या अर्धा तास. खताच्या कंपनीचा मेल बघायचाय."

बारावीनंतरच्या प्रवेशाचे फॉर्म भरणाऱ्या पोरांनी एक, दोन आणि चार अडवले होते. रिकामा फक्त तीन नंबर होता. अप्पा क्षणभर थांबले. तो पोरींचा. पण पोरगी एकही नव्हती, आणि सोयरा माणूस दारात उभा होता. त्यांनी त्याला तीन नंबरवर बसवलं.

त्यानं मेलचं पान उघडलं आणि मशीननं ओळखीचं माणूस समजून त्याला आत घेतलं. वर नाव होतं अपेक्षाचं. त्याला चोरी करावी लागली नाही, कुलूप उचकटावं लागलं नाही. त्याला फक्त पान मिटायचं होतं आणि ते त्यानं मिटलं नाही. अर्धा तास मागितला होता, सव्वा तास बसला. बारावीची पोरं गेली, नवी आली. अप्पा दारातून रस्ता बघत होते.

मग प्रिंटर घरघरला. अप्पांनी मान वळवली. चार कागद आले. त्यांनी एकेक चाचपून पालथा केला, कडा जुळवल्या, टाचणी मारली, खाकी पाकिटात घातले आणि पाकिटावर शिक्का मारला.

रुद्रेश गल्ल्यापाशी येऊन हे सगळं बघत होता. "अप्पा, तुमी खरंच वाचत न्हाई?"

"न्हाई."

"लई चांगली सवय हाय," तो म्हणाला आणि पाकीट दोन्ही हातांनी, प्रसाद घ्यावा तसं घेतलं. अप्पांना त्या घेण्यात आदर दिसला. त्या संध्याकाळी त्यांनी नीलाबाईंना सांगितलंसुद्धा, की अंबाजोगाईकरांचा पाहुणा आलता, लई रीतीचा माणूस.

महाशिवरात्रीला तेव्हा चार दिवस होते. दोन्ही घरं त्या दिवशी परळीला वैजनाथाच्या दर्शनाला येणार असं ठरलं होतं. त्याऐवजी दोन दिवस आधीच अंबाजोगाईची दोन वडीलधारी माणसं चन्नप्पांच्या दुकानात आली. पाणी घेतलं नाही. गल्ल्यावर एक पाकीट ठेवलं, सुपारीत दिलेली साडी ठेवली आणि भरल्या दुकानात गिऱ्हाइकांच्या देखत एवढंच म्हणाली, "आमाला फसवायला निघालता तुमी."

चन्नप्पांना इंग्रजी अक्षर लागत नव्हतं. आत काय आहे ते गिऱ्हाइकांपैकीच एका कॉलेजच्या पोराकडून त्यांना वाचून घ्यावं लागलं. पाकिटावरचा शिक्का मात्र त्यांना लागला. तो मराठीत होता.

ते दुपारी अप्पांकडे आले. ओरडले नाहीत. पाकीट समोर ठेवून म्हणाले, "हे तुमचं हाय का, केदारअप्पा?"

अप्पांनी शिक्का बघितला. "पाकीट माझंच हाय."

"आन आतलं?"

"आतलं मी..." अप्पा थांबले.

"वाचा," चन्नप्पा म्हणाले.

"चन्नप्पा, मी गिऱ्हाइकाचा..."

"वाचा म्हनतोय ना."

तेरा वर्षांत पहिल्यांदा अप्पांनी दुसऱ्याचा कागद सुलटा केला. इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं मराठी. तारखा होत्या, वर नाव होतं. अपेक्षानं लिहिलं होतं, मॅडम, हा डाग पसरेल का? मुलाबाळांना होतो का? माझं लग्न ठरलं आहे, त्यांना सांगावं का? आई नको म्हणते. डॉक्टरणीनं सावकाश, सगळं समजावून उत्तर दिलं होतं. हा शिवल्यानं होत नाही, अंगाला अपाय करत नाही, औषधानं बरा होऊ शकतो, मुलांना होईलच असं नाही. त्यांना सांगावं असं मला वाटतं, पण ते तू सांगायचं आहेस, दुसऱ्या कुणी नाही.

आणि शेवटचा कागद, मुलीचा. मॅडम, मी ठरवलं आहे. शिवरात्रीला परळीला ते भेटतील तेव्हा बाजूला घेऊन मी स्वतः सांगणार. नाही म्हणाले तर नाही. पण लपवलं असं कुणी म्हणायला नको. आता मला भीती वाटत नाही.

अप्पांनी कागद खाली ठेवले. दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसले.

"हा शेवटचा कागद त्यांनी वाचला न्हाई का?" त्यांनी विचारलं. "पोर सांगनारच व्हती की."

"वाचला असंल. त्याचं काय. सांगनार व्हती म्हंजे सांगितलं न्हवतं." चन्नप्पा उठले. "मी पेठेत समद्यांना सांगायचो, पोर केदारअप्पाकडं जाती, घोर न्हाई. तुमी निदान दार उघडं हाय एवढं तरी सांगायचं व्हतं."

शिवरात्रीच्या दिवशी सगळं धारूर देवाला गेलं तेव्हा अप्पा युसूफ वडगावला गेले. रुद्रेश खताच्या पोत्यांमध्ये बसला होता. त्यानं खुर्ची दिली, चहा सांगितला. अप्पांनी चहा घेतला नाही.

"असं कावून केलं तुमी?"

"काय केलं मी?" रुद्रेशला खरोखरच नवल वाटलं. "घरचा पोरगा हाय, त्याचं भलं बघायचं न्हाई? मी कुलूप तोडलं का? उघडं व्हतं, दिसलं. आन अप्पा, मी काय लपून नेलं न्हाई. तुमच्याच हातानं घेतलं. तुमीच टाचलं, तुमीच शिक्का मारला. म्हनून तर आमच्याकडं कुनी खोटं म्हनलं न्हाई. केदारअप्पांच्या दुकानातला कागद म्हनल्यावर काय बोलायचं?"

अर्जुनरावांना तोंड दिलेला माणूस तो, पण या खतवाल्यापुढून मान खाली घालून उठला. जाताना रुद्रेशनं त्यांना वाकून शरणार्थही केलं.

परतीच्या एस.टी.त अप्पा हिशेब लावत बसले, की आपण काय केलं असतं म्हणजे हे टळलं असतं. आडोसा केला होता. मान वळवली होती. पाकीट दिलं होतं. नियम एकही मोडला नव्हता. पुन्हा पुन्हा ते तिथंच येऊन थांबत, आणि घाटाच्या वळणावर त्यांना बंकटचं बोलणं आठवलं. घरी येऊन त्यांनी पायातल्या चपला न काढता तीन नंबर उघडला. यादीत सगळं होतं. कुणी कोणत्या दुखण्याचं औषध शोधलं, कोणती बाई नवरा सोडून गेल्यावर काय करावं विचारत होती, कोणत्या मास्तरनं काय बघितलं. दीड वर्षाचं धारूर तिथं उघडं पडलं होतं आणि रोज येईल त्या गिऱ्हाइकाला अप्पा त्याच्यापुढं खुर्ची देत आले होते. त्यांनी पुसायला सुरुवात केली. नीलाबाईंनी जेवायला दोनदा हाक मारली, ते उठले नाहीत.

धारूर मात्र काहीच पुसायला तयार नव्हतं. आठवड्याभरात रुपयाएवढा डाग पाठभर झाला, मग अंगभर झाला. चन्नप्पांच्या दुकानात सुटी साखर घ्यायला बायका बिचकू लागल्या. अपेक्षाच्या चुलत बहिणीला बघायला येणारे औशाचे पाहुणे आलेच नाहीत. ज्या पोरांनी तीन नंबरवर बसून नको ते बघितलं होतं तीच पोरं चौकात उभी राहून तिच्या कंबरेबद्दल बोलत होती. तोंडावर कुणी काही म्हणत नसे. आपली माणसं सभ्य आहेत, मागंच बोलतात.

चैत्र लागता लागता अपेक्षा दुकानात आली. लातूरला मावशीकडे निघाली होती, तिथं एका कचेरीत टायपिंगचं काम मिळणार होतं. तिला चाळीसचं प्रमाणपत्र हवं होतं, ते अप्पांच्या कपाटात राहिलं होतं. अप्पांनी ते शोधून काढलं, सवयीनं पालथं केलं आणि तिच्यापुढं धरलं. तिनं ते तिथंच सुलटं केलं.

"माय, मी वाचलं न्हवतं गं," अप्पा म्हणाले. इतक्या दिवसांत हे एकच वाक्य त्यांच्याजवळ उरलं होतं. "तुझ्या गळ्याशपथ. चार कागद हातातून गेले, पन मी एक अक्षर वाचलं न्हाई."

"माहीत आहे मला," अपेक्षा म्हणाली. "तुम्ही कुणाचंच वाचत नाही." ती प्रमाणपत्राची घडी घालत होती, सावकाश, कडा जुळवून, त्यांनीच शिकवलं होतं तसं. "वाचायला पाहिजे होतं, अप्पा. वर माझं नाव होतं. नुसतं नाव जरी वाचलं असतं ना, तरी तुम्ही तो कागद त्याला दिला नसता."

अप्पांनी कपाटाचं दार लावलं.

"त्यांनी नाही म्हटलं याचं नाही वाटत एवढं," ती म्हणाली. "म्हणालेही असते नाही. पण सांगायचं माझं होतं. तेवढं एक तरी माझ्याकडं ठेवायचं." आणि पिशवी उचलून ती स्टँडकडे गेली. नीलाबाई पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आल्या तेव्हा दारात कुणी नव्हतं.

त्या दिवशी अप्पांनी पाटीवरच्या खालच्या ओळीवर चुना फासला. चौकोनातल्या खुणा काढल्या होत्याच. रोज संध्याकाळी सगळं पुसायचा नेम धरला, तो दुकान होतं तोवर मोडला नाही. तीन नंबरवर मात्र परत एकही पोरगी येऊन बसली नाही.

दोन दिवसांनी मुंजाजी मास्तर आले. हे झेडपीच्या शाळेतले, केजच्या भिंतीपासूनचे गिऱ्हाईक, त्यांच्या घरातली तीन भांडणं अप्पांच्या बोटांनी लिहिली होती. एक नंबरवर बसून त्यांनी काहीतरी प्रिंटला दिलं. प्रिंटर घरघरला. अप्पांनी मान दाराकडे वळवली नाही. कागद आला तसा उचलला, सुलटाच धरला, कपाळावरचा चष्मा खाली ओढला आणि वरच्या नावापासून वाचायला लागले. मास्तरांच्या मुलानं औरंगाबादेहून लिहिलं होतं, बाबा, मी परीक्षेत नापास झालोय, आईला सांगू नका.

मास्तर आडोशातून बाहेर आले आणि जागच्या जागी थबकले. "अप्पा? वाचताय का तुमी?"

"हो," अप्पा म्हणाले. "नाव तुमचंच हाय का बघत व्हतो."

"नाव तर वरच्या वळीत हाय. तुमी खालपर्यंत गेलात."

मास्तरांनी कागद त्यांच्या हातातून काढून घेतला, चार घड्या घालून खिशात कोंबला. पाकीट घेतलं नाही. "समदं धारूर काय बी बोलत व्हतं," ते म्हणाले, "मी म्हनलं, आपला मानूस तसला न्हाई." आणि पायऱ्या उतरून गेले. ते पुन्हा आले नाहीत, त्यांच्या शाळेतलंही कुणी आलं नाही.

प्रिंटर पुन्हा घरघरला. चार नंबरचा कागद होता. अप्पांनी तो सुलटा घेतला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली.